लावे सुटले तो दिवस

लावा मारायला ताकद लागत नाही. उलट ज्याच्या हातात ताकद आहे त्याचं ते कामच नव्हे. आमच्या घरातला पहिला लावा दादाने मारला, तेव्हा त्या पक्ष्याच्या फासळ्या त्याच्या मुठीतच मोडल्या आणि आईने तो तसाच कुत्र्यापुढे टाकला. मग तिने मला हाक मारली. मी तेव्हा नववीत असेन. तिने दुसरा पक्षी माझ्या डाव्या हातात दिला, पंख अंगाशी दाबून कसा धरायचा ते दाखवलं आणि उजव्या हाताची दोन बोटं मानेमागे नेमकी कुठे ठेवायची ते सांगितलं. "ओढायचं नाय. खाली दाबायचं नि एकदाच झटका," एवढंच ती म्हणाली. मी झटका दिला. आत काहीतरी निसटल्यासारखं झालं, पंख माझ्या तळव्यात थोडा वेळ थरथरले आणि थांबले. अंग मात्र इतकं गरम होतं की मेल्यावरही तो जिवंतच वाटत होता. आईने तो घेतला, बघितला आणि दादाला म्हणाली, "हिचा हात हलका हाय." आमच्या घरात कौतुक करायची रीत नव्हती. ते एक वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते, शाळेच्या वाटेवर, आंघोळ करताना, झोपताना. तेव्हापासून घरात मारायचं काम माझं झालं.

आमची वाडी नवापूरच्या अलीकडे होती. चिकूची झाडं, नारळ, विहिरीच्या बाजूला केळी, आणि मधोमध कौलारू घर. समुद्र दिसायचा नाही, पण त्याचा आवाज कायम असायचा. तो थांबला असता तरच आमच्या लक्षात आलं असतं. वारा पश्चिमेचा असला की कोळीवाड्यातल्या वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घरात यायचा, आणि पूर्वेचा असला की बोईसरच्या कारखान्यांचा, आंबट, घशात बसणारा. बाबा मी लहान असतानाच गेले होते. मला आठवतात ते त्यांचे पायच, ओट्यावर बसून चिखल धुताना. वाडी आई एकटीने सांभाळायची. दादा, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, बोईसरला कपडा रंगवायच्या कारखान्यात होता. तो घरी आला की त्याचे हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी निळे असायचे, आणि त्याच्या आंघोळीचं रंगीत पाणी पाटातून केळींना जायचं. आई म्हणायची, केळीला रंग कळत नाय. आई फार बोलायची नाही. जे बोलायची ते असं, ज्याला उत्तर देता येत नाही.

लाव्यांची कल्पना दादाचीच. कारखान्यातल्या उत्तरेकडच्या कामगारांना बटेर, म्हणजे लावेच, फार आवडतात आणि चिल्हार रस्त्यावरचा एक धाबेवाला मिळतील तेवढे घ्यायला तयार आहे, असं तो ऐकून आला. एका रविवारी पालघरकडून त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लं आणली. अंगठ्याएवढी, पिवळी, पाठीवर तपकिरी पट्टे. मी ओंजळीत सहा घेतली तरी जागा उरली. पाण्याच्या वाटीत ती बुडून मरायची, म्हणून वाटीत समुद्रावरचे गोटे टाकावे लागत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बल्ब लावून त्यांना ऊब दिली होती. वीज गेली की ती एकमेकांच्या अंगावर चढायची आणि तळाची चेपून जायची. सकाळी मी त्यांचे पापुद्रे झालेले देह वेचून केराच्या टोपलीत टाकायचे. राहिलेली मात्र भराभर वाढली. दीड महिन्यात पक्षी कापायला तयार. मादी मोठी, छातीवर ठिपके. नर लहान आणि छातीला विटकरी. या जातीच्या माद्यांना अंडी उबवायचं भान नसतं, म्हणून आई ती खुडूक कोंबडीखाली ठेवायची, आणि दुसऱ्याची पिल्लं फुटली की कोंबडीला हाकलून द्यायची. ती दोन दिवस घराभोवती हाका मारत फिरायची.

पिंजरे पडवीत होते, बुटके, वरून गोणपाटाचे. लावा घाबरला की सरळ वर उसळतो आणि छप्पर कठीण असलं तर डोकं फोडून घेतो. नर एकमेकांच्या डोक्याची कातडी हाडापर्यंत टोचून काढायचे. जो एकदा रक्ताळला त्याच्यावर सगळे धावायचे. घुशी खालून जाळीतून पाय कुरतडायच्या. सकाळी एखादा एका पायावर उभा दिसायचा, दुसरा गुडघ्यापासून नाहीसा. असे अधू पक्षी धाब्यावर चालत नसत, ते आई घरासाठी ठेवायची. कांदा-खोबरं चुलीत भाजून केलेलं वाटण, त्यात अख्खा लावा, आणि तांदळाची भाकरी. त्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे, हे खोटं कशाला बोलू. हाडं इतकी बारीक की ती चावूनच खायची. जेवताना कोणी बोलत नसे, नुसता हाडं फुटायचा आवाज. आणि दिवसभर नरांची ती ओरड, तीन ठोक्यांची, जाडं कापड टरकवल्यासारखी. आता पालघरला आमच्या मागच्या गल्लीत एका पोराने गच्चीवर बटेरपालन काढलं आहे. दुपारी तो आवाज आला की मी खिडकी लावून घेते. माझ्या सुनेला वाटतं, मला वासाचा त्रास होतो.

लावे येऊन वर्ष झालं असेल तेव्हा दादाचं लग्न झालं. वहिनी वाणगावची. शैला नाव, सडपातळ, हसताना तोंडावर हात धरायची. मी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तरी नवऱ्याची बहीण म्हणून ती मला कुंदाताई म्हणायची, तुमी म्हणायची. मला असं कोणी म्हणत नव्हतं. रोज सकाळी ती मला पडवीच्या पायरीवर बसवून केसांना तेल लावायची आणि दोन घट्ट वेण्या घालायची. माझ्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवली तर मी सांगायच्या आत शिवलेली असायची. तिच्या माहेरी मासमच्छी सगळं चालायचं. मासे ती आमच्यापेक्षा चांगले कापायची. पण दुसऱ्याच आठवड्यात आईने तिच्या हातात लावा दिला, तेव्हा ती तो छातीशी धरून नुसती उभी राहिली. आईने हात धुतले, आत जाऊन तांदूळ निवडले, परत आली, तरी ती तशीच. पक्षी तिच्या हातात डोळे मिटून बसला होता.

"माझ्यानं नाय होत, आई," ती म्हणाली. "बाकी सांगाल ते करीन."

आई रागावली नाही. तिने पक्षी काढून माझ्या हातात दिला आणि मी तो तिथल्या तिथे मारला, वहिनीकडे बघत. मला वाटतं, मी हसलेही असेन. त्या दिवशी जेवताना आईने सगळ्यांना वाढलं आणि वहिनीच्या ताटात फक्त रस्सा वाढला. म्हणाली, मारत नाय तिला मांस कशाला. पुढे तेच चालू राहिलं. दादासमोर त्याचं ताट, माझ्यासमोर माझं, आणि वहिनीपुढे रस्सा-भाकरी. दादा बघायचा आणि खाली मान घालून हाडं चावायचा. मी माझा लावा मुद्दाम सावकाश खायचे. वहिनीने मला काय केलं होतं? काहीच नाही. पण आईच्या बाजूला बसायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याला आयुष्यभर आई मिळालेली आहे त्याला सांगून कळायचं नाही.

सोलायचं काम मग तिच्याकडे आलं. लावा गरम पाण्यात बुडवून पिसं काढत बसण्यापेक्षा कातडीच काढतात. पोटापाशी बोट घालून फाडली की पिसांसकट अंगरख्यासारखी उतरते. ती ते खाली बघून करायची, भराभर, ओठ मिटून. आजारी, रक्ताळलेले पक्षी वेगळे काढणं, मेलेले पुरणं, हेही तिचंच. एकदा आम्ही दोघी विहिरीवर पाणी भरत होतो. ती म्हणाली, "कुंदाताई, कदी वाटतं, एकदा पिंजरा उघडून टाकावा सगळा." मग कळशी कमरेवर घेत हसली. "पण जातील कुठे? त्यांना उडता तरी कुठं येतं. कावळेच खातील." मला ते कोणी मोठ्या माणसाने मला सांगितलेलं पहिलं गुपित वाटलं.

त्याच सुमारास दादाने एका संध्याकाळी जेवताना बोईसरच्या खोलीचा विषय काढला. कारखान्याजवळ एक खोली रिकामी होत होती, सायकल हाणत रोजचं येणं-जाणं वाचलं असतं. शनिवार-रविवार आम्ही येत जाऊ, असं तो म्हणाला. आईने भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. मग म्हणाली, बघू. वहिनी चुलीपाशी पाठमोरी होती, तिने मान वळवली नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या वेण्या घालताना ती काहीतरी गुणगुणत होती. आईने ते आतून ऐकलं असणार.

लावे सुटले तो दिवस मला वासासकट आठवतो. धाबेवाल्याकडे कोणाच्या तरी साखरपुड्याचं जेवण होतं आणि त्याने सगळे तयार पक्षी मागितले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होता. आई पालघरला नात्यातल्या बारशाला गेली होती. जाताना मला सांगून गेली, पिंजऱ्याखालचे पत्रे घासून ठेव, दाणा-पाणी कर. शाळेला सुट्टी होती. वहिनी विहिरीवर धुणं धूत होती. मी दाण्या-पाण्यासाठी दारं उघडली, खालचा एकेक पत्रा बाहेर काढला, खरवडायला घेतला, आणि तेवढ्यात रस्त्यावरून पोरं ओरडत गेली की नवापूरच्या किनाऱ्याला देवमासा लागलाय, मेलेला, होडीपेक्षा मोठा. मी खुरपं टाकलं आणि धावत सुटले. दारं लावली का? नाही. तेव्हा मनात दाराचा विचारही आला नाही. तो मासा मी पाहिला. पालथ्या होडीसारखा पडला होता, कातडीवर फोड आले होते, कोळ्यांची पोरं त्याच्या पाठीवर चढून घसरगुंडी खेळत होती. वास असा की माणसं पदर नाकाला लावून बघत होती, तरी हलत नव्हती. मीही हलले नाही. तासभर तरी गेला असेल.

परत येताना वाडीच्या कुंपणापाशीच कावळ्यांचा आवाज आला. एकदोन नव्हे, सगळ्या गावचे कावळे आमच्या वाडीत उतरले होते. मी फाटक ढकललं. चिकूच्या झाडांखाली, केळीत, पाटाच्या कडेला, सगळीकडे लावे होते. पळालेले नव्हते. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी दहा पावलं धावतो आणि जिथे थांबेल तिथेच अंग चोरून बसतो, लपायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. कावळे त्यांच्यापाशी चालत जात होते, घाई न करता, आणि आधी डोळे काढत होते. दोन कुत्री होती. विहिरीमागून एक मुंगूस तोंडात पक्षी धरून निघून गेलं आणि पुन्हा आलं. काही लावे आंधळे होऊन जागच्या जागी गोल फिरत होते. आणि या सगळ्याच्या मधे वहिनी धावत होती. अंबाडा सुटलेला, साडी चिखलाने भरलेली, पदराची खोळ करून तिच्यात पक्षी गोळा करत होती. मला बघून तिने विचारलं नाही की दार कोणी उघडं टाकलं. एवढंच ओरडली, "कुंदाताई, तुमी केळीकडून या, मी इकडून हाकलते!"

आम्ही दोघींनी मिळून जमतील तेवढे धरले. वाचलेले एका टोपलीत, अर्धे मेलेले दुसऱ्या टोपलीत. दुसरी टोपली लवकर भरली. आम्ही अजून पाटाशी वाकलेल्या होतो तेव्हा आई फाटकातून आत आली. चांगली साडी, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी. ती पिंजऱ्यापाशी गेली, उघडी दारं पाहिली, मग आमच्याकडे आली.

"कोणी उघडलं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. मी बोलेन म्हणून ती थांबली होती, एवढंच. मोठं माणूस लहानाला आधी बोलू देतं, तसं. आणि मी बोलले.

"वयनीनं."

"तू पाह्यलंस?"

"नाय," मी म्हटलं. "पण ती बोलली होती मला. विहिरीवर. एकदा पिंजरा उघडून टाकावा सगळा, असं वाटतं म्हणून."

शब्द तिचेच होते, एकही माझा नव्हता. फक्त त्यापुढचं मी गिळलं. खोटं कसं बोलायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं; पण त्या क्षणी मला कळलं की अर्धं खरं सांगितलं की खोट्याची गरजच पडत नाही.

"मी नाय उघडलं, आई," वहिनी म्हणाली. आईने विचारलं, मग कोणी? वहिनीने पुन्हा माझ्याकडे बघितलं. माझं नाव तिने घेतलं नाही. ते का घेतलं नाही, यावर मी आयुष्यात जितका विचार केला तितका दुसऱ्या कशावर केला नाही.

आईने अंगणात पाट मांडला आणि अर्ध्या मेलेल्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवली. हे तुझे, ती वहिनीला म्हणाली, एकही तडफडत राहता कामा नये. वहिनी बसली. पहिला पक्षी तिने उचलला, त्याला डोळे नव्हते. तिला कुठे दाबायचं ते ठाऊक नव्हतं. तिने ओढलं, आणि मान लांबली पण पक्षी मेला नाही, पाय झाडत राहिला. शेजारच्या दोघी-तिघी बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आई मला म्हणाली, "हिला शिकव." मी वहिनीशेजारी उकिडवी बसले आणि तिची बोटं धरून मानेमागे नेमकी जागा दाखवली. तिची बोटं गार पडली होती. मी म्हटलं, ओढायचं नाय, खाली दाबायचं. ती तसं करू लागली. तिसऱ्या-चौथ्यापासून तिला जमायला लागलं. कधी जोर जास्त होऊन डोकं हातातच यायचं, तेव्हा ती ते बाजूला ठेवायची आणि पुढचा घ्यायची. तिने रडून दाखवलं नाही. पूर्ण टोपली संपेपर्यंत ती उठली नाही, आणि मीही तिच्या बाजूला बसून होते, शिकवत.

दादा पाळी संपवून आला तेव्हा उजेड होता. आईने त्याला पायरीवरच सगळं सांगितलं, मी जे सांगितलं ते. त्याचे हात त्या दिवशी हिरवे होते. तो ऐकत राहिला, अंगणातल्या पिसांकडे पाहिलं, आणि आंघोळीला गेला. बायकोला त्याने काहीही विचारलं नाही. त्या दिवशी घरात लाव्यांचं कालवण ढीगभर होतं. जेवायला बसल्यावर आईने वहिनीच्या ताटात पहिल्यांदाच मांस वाढलं. तीन अख्खे लावे. "आता मारलेस, खा," ती म्हणाली. वहिनीने खाल्ले, हाडांसकट, एकेक करून. दादा तिच्याकडे न बघता जेवला. मीही ताट संपवलं. आईने माझ्याकडे बघितलं तर काय, अशी भीती होती.

दुसऱ्या दिवशी दादा तिला वाणगावला पोचवून आला. महिनाभर राहू दे, आई म्हणाली होती, डोकं ठिकाणावर येऊ दे. तिने एक पिशवी भरली. बाकीच्या साड्या पेटीत तशाच ठेवल्या, म्हणजे तिलाही महिनाच वाटला असावा. निघताना ती आईच्या पाया पडली. मी पायरीवर फणी घेऊन बसले होते, का ते मला ठाऊक नाही. ती माझ्या बाजूने गेली. त्या दिवशी माझ्या वेण्या मीच घातल्या.

महिन्याचे दोन झाले, चार झाले. तिचे वडील आणि भाऊ एकदा येऊन बसले. आईने त्यांना चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की मुलीच्या मनात घात आहे, आज पक्षी, उद्या माझ्या नातवाचं काय करील कोण जाणे. वडील दादाकडे बघत राहिले. दादा नखातला रंग काढत होता. मी दाराआड उभी होते. त्यांच्यापुढे जाऊन एक वाक्य बोलायला मला चार पावलं लागली असती. पुढे फारकत झाली. दादाचं दुसरं लग्न डहाणूकडच्या मुलीशी लागलं, आणि तिने वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला बोईसरला खोली घ्यायला लावली. आईला तिच्यापुढे बोलता आलं नाही. लावे आणखी दोनेक वर्षं होते. मग कसला तरी रोग आला आणि आठवड्याभरात पिंजरे रिकामे झाले. मेलेले मी पुरले.

माझं लग्न होऊन मी पालघरला आले. आई थकल्यावर तिला मी माझ्याकडे आणलं. दादा तोवर गेला होता, फुप्फुसांनी. आई माझ्याकडे नऊ वर्षं होती, आणि त्यातली पहिली सात-साडेसात वर्षं रोज मला वाटायचं की आज सांगावं. शेवटी एका दुपारी, ती पलंगावर बसून लसूण सोलत होती, मी म्हटलं, आई, लाव्यांचा पिंजरा वयनीनं नव्हता उघडला. माझ्याकडून राहिला होता. देवमासा बघायला गेले होते मी.

तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. "मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर तिने हात वर केला. धुण्याला साबण तसाच लावलेला होता, ती म्हणाली, आणि तुझं खुरपं पत्र्यावर पडलं होतं. धुणं अर्धं टाकून कोण पिंजरा उघडायला जातं? फाटकातून आत आल्या आल्याच मी पाह्यलं. मी विचारलं, मग तिला का घालवलंस? मला का नाय मारलंस? आईने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण नजर तीच होती, पक्षी हातात घेऊन तपासायची.

"तू बोललीस म्हणून बरं झालं," ती म्हणाली. "नाय तर मला काहीतरी काढावं लागलं असतं. ती माझा पोर नेत होती."

मग तिने मला आणखी लसूण मागितला. मी आणून दिला. ती त्यानंतर दीड वर्ष होती, आणि मी तिचं सगळं केलं, आंघोळ, औषधं, भरवणं. लोक म्हणायचे मुलगी असावी तर अशी. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. मी तिला माफ केलं का, असं मला कोणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही, कारण माफ करायला आपण वेगळ्या बाजूला असावं लागतं.

मागच्या वर्षी मी वाणगावला गेले. घरी सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. स्टेशनवर विचारत विचारत गेले, तिचा भाऊ मिरचीची लागवड करतो हे ठाऊक होतं. तिने पुन्हा लग्न केलं नव्हतं. भावाच्याच घरी राहिली, त्याच्या वाडीत राबली, त्याची पोरं वाढवली. मी गेले तेव्हा ती मांडवाखाली ढोबळ्या मिरच्या निवडत होती, खोक्यात भरायच्या वेगळ्या, डागाच्या वेगळ्या. केस पांढरे, अंगाने तशीच सडपातळ. तिने मला लगेच ओळखलं.

"कुंदाताई," ती म्हणाली, "तुमी आलात." आणि शेजारचं रिकामं खोकं पालथं घालून दिलं.

मी बसले आणि सगळं सांगितलं. देवमासा, उघडी दारं, विहिरीवरचं तिचं वाक्य मी कसं अर्धंच सांगितलं ते. आईला ठाऊक होतं, हेही सांगितलं. मी इतकी वर्षं जुळवून ठेवलेलं बोलणं होतं, ते संपेपर्यंत मी थांबले नाही. ती मिरच्या निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, हे मला कशाला सांगता? मी तिथंच होते की. तुमी गेलात ते मी विहिरीवरून पाह्यलं होतं, धावत गेलात ते. दारं उघडी असतील हे मला नाय सुचलं, ती माझी चूक.

मी तिला विचारलं, मग तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस. तिने थोडा विचार केला. "वाटलं, तुमी सांगाल," ती म्हणाली. "त्या दिवशी नाय, तर दुसऱ्या दिवशी. पहिल्या महिन्यात वाटायचं, आता येतील. मग नाय वाटलं."

ती आणखी काही मिरच्या निवडत राहिली. मग हात थांबवून तिने विचारलं, "त्यांनी कदी विचारलं काय?"

"कोणी?"

"तुमच्या दादांनी. नंतर कदी. की पिंजरा खरंच कोणी उघडला."

दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आई गेली होती. मी 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं ठरवणारं जगात कोणी उरलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं की ती काय ऐकायला बसली आहे, आणि हे तिने कोणालाच कधी विचारलेलं नाही. दया करायची असेल तर आयुष्यात एवढीच संधी मला मिळणार होती. पण तिच्याशी मी एकदा खोटं वागले होते. दुसऱ्यांदा, चांगल्यासाठीसुद्धा, माझ्याने होईना.

"नाय," मी म्हटलं. "कदीच नाय विचारलं."

तिने मान हलवली. एक मिरची उचलून उलटसुलट बघितली, पण ती कुठल्या ढिगात टाकायची ते तिला काही क्षण ठरवता येईना.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटायचं, एकदा तरी विचारलं असेल."

मग तिने घराकडे तोंड करून भाचसुनेला हाक मारली आणि पालघरच्या पाहुण्या आल्यात, चहा टाक म्हणून सांगितलं. चहा येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो. आला तो मी प्यायले, आणि गाडीच्या वेळेला निघाले.